आजार सांगावा कोणाला?

यवतमाळ शहरातून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहारा लागते. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव औद्योगिक वसाहतीमुळे वाढले आणि आता शहराला चिकटून गेले आहे. अशा वस्तीत आज आशाताई दारात येते ती वही आणि मोबाईल अशी दोन्ही साधने घेऊन. वहीत घरातील माणसे उतरतात. त्यांची वये, कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून जुना. मोबाईलमध्ये आधार क्रमांक जातो, पाठोपाठ ओटीपी विचारला जातो, आणि अखेरीस 'आभा' नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक तयार होतो. वहीला सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण आशाताई ओळखीची असते; तिचे घर, तिची सासू, तिची मुले सगळ्यांना ठाऊक असतात. ओटीपी सांगण्याची वेळ आली की मात्र माणूस थबकतो. "हे कायले पायजे?" असा प्रश्न येतो आणि पुष्कळदा त्याला नीट उत्तर मिळत नाही, कारण विचारणारीलाही ते कोणी समजावून दिलेले नसते.

या थबकण्याचे दोन अर्थ आपल्याकडे लावले जातात. पहिला म्हणजे अज्ञान: खेड्यातल्या माणसाला आपले हित कळत नाही, म्हणून तो माहिती द्यायला कचरतो. दुसरा याच्या नेमका उलट: आपल्या समाजात खाजगीपणा ही कल्पनाच नव्हती, चावडीवर सर्वांना सर्व ठाऊक असे, आणि आरोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा आग्रह हे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे. आम्हाला हे दोन्ही अर्थ चुकीचे वाटतात. कोणता आजार कोणाला सांगावा आणि कोणापासून झाकावा याचे ज्ञान आपल्या समाजाला फार पूर्वीपासून आहे. सांगितल्यानंतर पुढे काय झाले या अनुभवातून ते घडलेले आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने हा अनुभव निदान चार-पाच वेळा घेतला. तो क्रमाने पाहिला तर लोहाऱ्याच्या दारातील त्या प्रश्नाकडे अधिक आदराने पाहता येईल, असे आम्हाला वाटते. त्यासाठी प्रथम १८९६ च्या मुंबईकडे जावे लागेल.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबर रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला आणि रोग्याला जरूर पडल्यास बळाने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तीनेक आठवड्यांतच, २९ ऑक्टोबरला, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. कमिशनरांना आपला हुकूम सैल करावा लागला. पण शहराचा विश्वास उडायचा तो उडाला आणि काही लाख लोक मुंबई सोडून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. हा कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा होता आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. पहिल्या कलमात कायद्याचे नाव, दुसऱ्यात सरकारला वाटेल तो उपाय योजण्याची मुभा, तिसऱ्यात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही अशी हमी. रोग्याला काय मिळेल याबद्दल त्यात एक शब्दही नाही. विचारणाऱ्याला सर्व अधिकार आणि सांगणाऱ्यावर सर्व जबाबदारी, अशी ती रचना होती.

पुण्यात तिचा अर्थ लोकांना दारातच कळला. रँडच्या प्लेग समितीने १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती घेतली. त्यानंतर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते, त्याची पुनरुक्ती येथे नको. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते झडतीच्या आधी घराघरांत काय चाले तिकडे. लोक रोग्याला माळ्यावर, अडगळीच्या खोलीत, कपाटामागे लपवीत. मृत्यू झाला तर तो झाकण्याची खटपट करीत. मुंबईच्या मृत्युनोंदींत प्लेगचे कित्येक मृत्यू निरनिराळ्या ज्वरांच्या नावावर मांडले गेले. अधिकाऱ्यांनी या साऱ्याला आडमुठेपणा म्हटले. परंतु रोग सांगितला तर काय घडे याचा हिशेब मांडून पाहावा. रोगी रुग्णालयात जाई आणि बहुतेक वेळा तेथेच मरे, कारण प्लेगवर औषध नव्हते. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर टोचून पाहिलेली लस प्रतिबंधक होती, रोग झाल्यावर तिचा उपयोग नव्हता. घरची माणसे सेग्रिगेशन कँपात जात. अंथरुण-पांघरुण आणि सामान जाळले जाई. सांगणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नव्हते, आणि जे होते तेही जात होते. अशा स्थितीत मौन पाळणाऱ्याला अडाणी ठरविणे अन्यायाचे आहे.

अर्थात या मौनाची किंमत शेजाऱ्याने मोजली हेही खरे. लपविलेल्या रोग्याच्या घरातून रोग पुढल्या घरात गेला असेल, आणि साथीच्या काळात सरकारला माहिती लागतेच. म्हणून लपविणे योग्य होते की अयोग्य या वादात शिरण्यापेक्षा, माहिती मिळविण्याचा कोणता मार्ग खरोखर चालला हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्याच पुण्यात, शहराबाहेर हडपसरच्या बाजूला, सावित्रीबाई फुले यांनी डॉ. यशवंत यांचा दवाखाना उभा करविला होता. त्या स्वतः रोग्यांना तेथे आणीत, आणि ते करतानाच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रँडच्या झडत्या सुरू झाल्या त्या त्यानंतर तीन दिवसांनी. टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले. मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली रुग्णालये काढली. सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरकाप होणारी माणसे या रुग्णालयांत जात होती. रोग तोच होता आणि औषधाचा अभावही तोच. तेथे फक्त रोग्याजवळ बसणारे, त्याच्या भाषेत बोलणारे आणि तो मेल्यास त्याचे नीट अंत्यसंस्कार होऊ देणारे कोणी होते. सरकारलाही हे उमगायला वेळ लागला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका मुलीच्या तपासणीवरून विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली, आणि त्यानंतर सक्तीची झडती हळूहळू मागे पडून स्वखुशीच्या उपायांवर भर आला. बळाने रोगी हाती लागत नाहीत, उलट अधिक खोल दडतात, हा हिशेब राज्यकर्त्यांनाही पटला होता.

प्लेग हा दिवसांत निकाल लावणारा रोग. ज्याचे निदान माणसाला जन्मभर वाहावे लागते अशा रोगाचा अनुभव याहून वेगळा आहे, आणि तो आमच्या वऱ्हाडाला अधिक जवळचा आहे. कुष्ठरोगाची गोष्ट यवतमाळच्या शेजारी, वर्ध्याला, घडली.

१८९८ साली 'लेपर्स ॲक्ट' झाला. त्यान्वये निराधार कुष्ठरुग्णाला पोलीस पकडू शकत आणि आश्रमात डांबून ठेवता येई. हा कायदा औपचारिकपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. अंगावरच्या बधिर चट्ट्याचा अर्थ कळलेला माणूस अशा राज्यात तो चट्टा बाहीखाली झाकील, यात नवल ते काय? नवल पुढे घडले त्याचे आहे. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान वर्ध्याला स्थापन झाले, आणि डॉ. वर्देकरांनी तेथे एक पद्धत बसविली. तिचे तीन भाग होते: घरोघर जाऊन पाहणी, लोकशिक्षण, आणि रोग्याला त्याच्या घरीच राहू देऊन उपचार. तोवर डॅप्सोनची स्वस्त गोळी उपलब्ध झाली होती, म्हणून तिसरा भाग शक्य झाला. ही पद्धत पुढे देशाच्या कार्यक्रमाने उचलली.

तिन्ही भागांचे महत्त्व सारखे वाटले तरी आमच्या मते सगळी मदार तिसऱ्यावर होती. पाहणी तर प्लेगच्या वेळीही झाली होती. तीही घरोघर जाऊन, अंगावरचे कपडे काढायला लावून. फरक इतकाच की आता पाहणाऱ्याच्या झोळीत गोळी होती आणि चट्टा दाखविणाऱ्याला घर सोडावे लागत नव्हते. दाखविण्याच्या मोबदल्यात काही मिळत होते, आणि जे होते ते जात नव्हते. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला; वर्धा हा तो सुरू झालेल्या आरंभीच्या जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे रोग ठराविक मुदतीत बरा होऊ लागला. तेव्हापासून स्वतःहून चट्टा दाखवायला येणे हे अपवादात्मक धाडस राहिले नाही.

तरीही लपविणे संपले नाही, आणि याचे कारण पुन्हा रोग्याच्या मनात शोधण्यापेक्षा कायद्याच्या पुस्तकात शोधावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून लिहिलेले होते, आणि रोग पूर्ण बरा होऊ लागल्यावरही ते तसेच राहिले. ते वगळले गेले २०१९ मध्ये. म्हणजे एका हाताने सरकार म्हणत होते, न भिता पुढे या, नाव नोंदवा; आणि दुसऱ्या हाताने तीच नोंद संसार मोडण्याचा पुरावा होऊ शकेल अशी तजवीज करून ठेवत होते. एखाद्या विवाहितेने दवाखान्याच्या रजिस्टरात नाव लिहू दिले नसेल, तर तिला कायदा ठाऊक नसेलही, पण कायद्यामागचा समाज पुरता ठाऊक होता. शिवाय रजिस्टर कपाटात बंद ठेवले तरी कुष्ठरोग तंत्रज्ञाची सायकल दारात उभी राहिली की सारी आळी समजायचे ते समजे. नोंद म्हणजे केवळ कागदावरची ओळ नव्हे, ती नोंद घेण्याची रीत हीदेखील एक जाहिरात असते.

एड्सच्या काळात हा प्रश्न प्रथमच न्यायालयात स्पष्ट शब्दांत विचारला गेला. मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कामगाराचे प्रकरण आले. तो कामाला शारीरिकदृष्ट्या पात्र होता, पण रक्ततपासणीत एचआयव्ही आढळल्याने त्याला काम नाकारले गेले होते. १९९७ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे न्यायालयाने त्याला आपले नाव झाकून दाद मागू दिली. खटल्याच्या शीर्षकात माणसांऐवजी अक्षरेच आहेत. नाव झाकण्याची मुभा नसती तर त्याला न्याय मागण्यासाठी आधी सगळ्या जगाला आपला आजार सांगावा लागला असता. गुप्ततेमुळे माणूस बोलता झाला, असा हा प्रसंग आहे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात गुप्ततेला सीमा असते हेही सांगितले: होणाऱ्या पत्नीच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा रोग्याच्या गुपितापेक्षा तिचा हक्क मोठा. अखेर २०१७ चा एचआयव्ही कायदा झाला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. चाचणीपूर्वी संमती, निकालाची गुप्तता, माहिती सुरक्षित ठेवण्याचे संस्थेवर बंधन, आणि भेदभावास मनाई अशी त्याची रचना आहे. १८९७ च्या चार कलमांशेजारी तो ठेवून वाचला तर विचारणाऱ्यावर जबाबदारी टाकणारा कायदा कसा असतो हे दिसते.

येथवरची हकीकत वाचून रुग्णाला नोंदच नको असते असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करायला यवतमाळचेच उदाहरण पुरेसे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातील शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरून गेल्या आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. पुढे २०२० मध्ये जिल्ह्यातील ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली, आणि २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी तेथील बासेल शहरात एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा दाव्यात पहिलाच प्रश्न असा येतो: कोणते औषध फवारले, कोणत्या दिवशी, आणि हे त्या वेळी कोणी कोठे लिहून ठेवले? केसपेपरवरची एक ओळ, पंचनाम्यातील बाटलीचा उल्लेख, यांवर सारे अवलंबून राहते. कपाशीच्या रानातून बेशुद्धावस्थेत आणलेल्या माणसाला आपल्या आजाराची नोंद हवी होती. जितकी तपशीलवार, तितकी हवी होती. प्लेगमधल्या पुणेकराने नोंद चुकविली आणि यवतमाळच्या शेतकऱ्याने नोंद मागितली. या दोन माणसांत विरोध नाही. नोंद कोणाच्या कामी येणार हे दोघांनीही अचूक ओळखले होते.

यानंतर तीनच वर्षांनी करोना आला आणि राज्याने मार्च २०२० मध्ये कपाटातून काढला तो तोच १८९७ चा कायदा. गृहविलगीकरणातील माणसांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याचा हुकूम निघाला. त्यामागची निकड आम्ही नाकारत नाही. असे शिक्के असलेले चार प्रवासी रेल्वेने निघालेले आढळले आणि त्यांना पालघरला उतरवावे लागले, हीही त्याच आठवड्यातील घटना आहे. पण जो शिक्का आरोग्य कर्मचाऱ्याला माहिती देतो तोच किराणा दुकानदाराला, घरमालकाला आणि रस्त्यावरच्या कोणालाही देतो. रुग्णांची नावे मोबाईलवरून फिरू लागली, आणि घसा खवखवला तरी तो न सांगण्याचे शहाणपण पुन्हा एकदा घराघरांत शिकले गेले. ज्यांच्या पणजोबांनी माळ्यावर माणूस लपविला होता, त्यांनी खोकला रुमालात दाबला.

आता आपण लोहाऱ्याच्या दारात परत येऊ. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. केसपेपर हरवू नये, एकाच तपासणीचे पैसे दोनदा पडू नयेत, यवतमाळचा रोगी नागपूरला गेला तर त्याचा इतिहास त्याच्याबरोबर जावा, हे त्याचे हेतू चांगलेच आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा वर्षांचे कागद घेऊन हिंडणाऱ्या माणसाला त्याची किंमत सांगायला नको. कागदोपत्री आभा क्रमांक ऐच्छिक आहे आणि संमतीशिवाय माहिती पुढे जाऊ नये असे धोरण सांगते. मात्र लसीकरणाच्या वेळी आधार दिलेल्या अनेकांचे क्रमांक त्यांना न विचारता तयार झाल्याच्या बातम्या २०२१ मध्येच आल्या होत्या. रांगेत मागे वीस माणसे उभी असताना दिलेला होकार हा कितपत होकार, हाही प्रश्न आहेच.

२०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. त्यात माहिती फुटू देणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा मोठा आहे. पण दंडाची रक्कम सरकारच्या संचित निधीत जमा होईल, ज्याचा आजार चव्हाट्यावर आला त्याला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे जुने कलमही हाच कायदा वगळतो. आरोग्याच्या माहितीला आधीच्या मसुद्यांत असलेला 'संवेदनशील' हा वेगळा दर्जा अंतिम कायद्यात राहिला नाही. उलट नागरिकाने पाळावयाची कर्तव्ये मात्र आहेत, आणि ती मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. १८९७ ची चार कलमे आणि हा कायदा एकाच मापाचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. संमतीचा हक्क, दुरुस्तीचा हक्क, तक्रारीची जागा हे सारे नवे आणि मोलाचे आहे. पण नुकसान सांगणाऱ्याचे आणि भरपाई तिसऱ्याची, हा जुना वास त्याला अजून येतो.

या साऱ्या इतिहासातून आम्हाला तीन प्रश्न निथळून आलेले दिसतात, आणि मराठी माणसाने ते प्रत्येक साथीत, प्रत्येक रजिस्टरासमोर मनातल्या मनात विचारलेले आहेत. सांगितल्याने मला काय मिळेल? मी तुला सांगितलेले आणखी कोणाला कळेल? आणि नको त्याला कळले तर भरून कोण देईल? वर्ध्याच्या गोळीने पहिल्याचे उत्तर दिले, म्हणून बाह्या वर झाल्या. उच्च न्यायालयाच्या दोन अक्षरांनी दुसऱ्याचे उत्तर दिले, म्हणून एक कामगार बोलला. तिसऱ्याचे उत्तर अजून कोणीच धड दिलेले नाही.

तेव्हा पुढल्या वेळी लोहाऱ्यात किंवा आणखी कुठे एखादी बाई ओटीपी सांगताना थांबली, तर तिला जनजागृतीची गरज आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. "हे कायले पायजे?" हा प्रश्न या प्रांतात सव्वाशे वर्षे विचारला जात आहे. तो विचारणारीच्या बाजूला अनुभव आहे. उत्तर देणे ही आपली, म्हणजे विचारत दारात गेलेल्यांची, जबाबदारी आहे. आणि ते मिळेपर्यंत तिने आकडा न सांगणे हाही एक विचारपूर्वक दिलेला जबाब मानावा.